डब्यावर मुलार्ड, म्हणून आत १९५७?

नऊपिनी
काल इथे एका सभासदाने ईसीसी८३ या अँप्लिफायरच्या व्हॉल्व्हची (काचेच्या नळीची) जोडी विकायला काढली. त्याचं म्हणणं: वर डी-गेटर (डी आकाराची तारेची कडी) आहे, काचेला आतून चांदी गच्च आहे, डब्यावर मुलार्ड या जुन्या ब्रिटिश कंपनीचं नाव छापलंय, तेव्हा माल खात्रीने १९५७चा, नऊ हजार, घासाघीस नको. खाली लोक "क्या बात है" करत सुटलेत. मला राहवलं नाही.

डबा कशाचाही असतो. व्हॉल्व्हवरचं नावही फारसं कामाचं नाही, कारण या कंपन्या एकमेकींचा माल आपल्या नावाने सर्रास विकत. आज मुलार्ड नावाचा नवाकोरा व्हॉल्व्ह रशियात सारातोवला बनतो. चांदी म्हणजे बेरियमचा थर. तो पांढरा पडला तर हवा शिरली आणि व्हॉल्व्ह मेला, एवढं कळतं, वय नाही. डी-गेटर हा जुना घाट खरा, पण तो एकट्या मुलार्डचा नाही आणि एका वर्षाचा तर नाहीच.

बघायच्या त्या काचेवर तळाजवळच्या करड्या, बारीक दोन ओळी. वरची प्रकार आणि आवृत्ती सांगते: ईसीसी८३वर एमसी१ असेल तर लांब प्लेटचा (प्लेट म्हणजे आतला धातूचा पत्रा), पन्नासच्या दशकातला, आय६१ असेल तर आखूड प्लेटचा, नंतरचा. खालची सांगते कारखाना, वर्ष, महिना, आठवडा. बी२डी३ म्हणजे ब्लॅकबर्न, २ने संपणारं वर्ष, एप्रिल, तिसरा आठवडा. वर्षाला एकच आकडा, म्हणून १९६२ की १९७२ ते वरच्या ओळीवरून ठरवायचं. ओळी दिसत नसतील तर व्हॉल्व्ह थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, मग फुंकर मारा. त्या पोस्टीत या ओळींचा एक फोटो नाही.

अँपवेडा_कोथरूड
वर्ष ऐकू येतं का हो? मी टेस्टरवर लावतो. आतले दोन्ही ट्रायोड, म्हणजे व्हॉल्व्हचे दोन भाग, सारखे आले, टिचकी मारल्यावर स्पीकरमधून घंटा वाजली नाही, की घेतला. जन्मतारीख काय चाटायचीय?

नऊपिनी
तो नऊ हजार जन्मतारखेचेच मागतोय, साहेब. टेस्टरच्या आकड्यांचे मागत असता तर मी झोपलो असतो.

स्वदेशी_व्हॉल्व्ह
आपल्या बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्स) कुणी उल्लेखही करणार नाही. बंगळूरला फिलिप्सच्याच सहकार्याने बनलेले व्हॉल्व्ह! त्यांचे ईएल८४, म्हणजे स्पीकर चालवणारे व्हॉल्व्ह, कित्येक रेडिओत वर्षानुवर्षं चालले. त्यावरचं "मेड इन इंडिया" पुसून परदेशी नाव छापलेला नग मी स्वतः पाहिलाय. तेव्हा हेच लोक "काय मधाळ आवाज" म्हणत होते.

अँपवेडा_कोथरूड
बीईएल चांगले, मान्य. आता धाग्यावर झेंडावंदन होणार.

पुसट_अक्षरं
पुसण्यावरून माझंही ऐका. कोऱ्या काचेचा "ईसीसी८३" घेतला, अँपमध्ये लावला, हीटर (आतली तापणारी तार) पेटेचना. आठवडाभर सॉकेट तपासत बसलो. निघाला रशियन ६एन२पी. त्याचा हीटर ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर, ९वर नुसता आतला पडदा. आणि माझ्या अँपमध्ये ६.३ व्होल्टसाठी ४-५ एकमेकींना जोडलेल्या, वीज त्या जोडीत आणि ९मध्ये. पेटणार कसा? त्या दिवसापासून पिनांमधली काच बघितल्याशिवाय पैसे देत नाही. जर्मन टेलिफुंकन कंपनीची खूण, चौकट, तिथेच, काचेत ओतलेली असते, ती कुणाला छापता येत नाही.

रेडिओदुरुस्ती_कसबा
सगळे वर्ष विचारताय. हा माल आला कुठून ते कुणी विचारेल का? रविवारी जुन्या बाजारात जाऊन बघा. मर्फी, बुश, फिलिप्स, पेट्या उघड्या, सॉकेट रिकामे. व्हॉल्व्ह काढले, पेटी जळणाला. ज्या सेटवर लोकांनी १९५३ला पुणे केंद्र लागलेलं ऐकलं ते सेट तुमच्या अँपांच्या हौसेपायी मारले.

अँपवेडा_कोथरूड
काका, घरगुती पाचव्हॉल्व्ही सेटात ईसीसी८३ असतो कुठे? ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईझेड८०. संपला सेट. ईसीसी८३ निघतो टेपरेकॉर्डरमधून, मंडळांच्या जुन्या अँप्लिफायरमधून.

रेडिओदुरुस्ती_कसबा
ईएल८४ तर काढताच ना? मला यादी शिकवू नका, मी त्या यादीवर घर चालवलंय. वाचले ते फक्त यू मालिकेचे, ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट मेनवर चालणारे सेट, कारण यूसीएल८२चा ५० व्होल्टचा हीटर तुमच्या अँपच्या कामाचा नाही. म्हणजे ज्या सेटच्या चासीला हात लावला की झटका बसायचा, तेच आज अख्खे मिळतात!

अँपवेडा_कोथरूड
आणि तुमचे वारसाप्रेमी काय करतात? चाळीस वर्षं माळ्यावर पडलेला सेट आणतात आणि थेट प्लग लावतात. कपलिंग कंडेन्सर गळका, ईएल८४च्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज, प्लेट लालबुंद, आणि त्याचा व्हिडिओ! माझ्याकडे तोच व्हॉल्व्ह जास्त जगतो.

रेडिओदुरुस्ती_कसबा
कंडेन्सर न बदलता प्लग लावणाऱ्याला मी दुकानातून हाकलायचो. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. म्हणून सेट फोडायचा परवाना मिळत नाही.

जोडीवाला
ज्याच्यावर खटला चाललाय तो मीच. फ्रीज, फुंकर, सगळं केलं. खालच्या ओळीत बी नाहीच, त्रिकोण आहे आणि पुढे ९. वरच्या ओळीवर लेबलाचा डिंक.

नऊपिनी
त्रिकोण म्हणजे हेरलेन, हॉलंड. फिलिप्सचा कारखाना. १९५९ किंवा १९६९. १९५७ कोणत्याही गणिताने नाही. डिंक ओल्या कापसाने काढा, घासू नका.

जोडीवाला
हॉलंड म्हटल्यावर दर चढतो की उतरतो?

स्वदेशी_व्हॉल्व्ह
बंगळूर निघालं असतं तर हा प्रश्न पडला नसता.

रेडिओदुरुस्ती_कसबा
ते चालू द्या. अँपवेडे, तुमच्या लुटीत ईएम८४ (स्टेशन नीट लागलं का ते उजळून दाखवणारा व्हॉल्व्ह) आहे का? एकाचा सेट हिरव्या डोळ्यावाचून अडलाय.

अँपवेडा_कोथरूड
आहेत दोन. चोरीचा माल चालेल ना?

रेडिओदुरुस्ती_कसबा
चालेल. आधी अंधारात पेटवून फोटो टाका. जुन्या डोळ्यांचा फॉस्फर, म्हणजे उजळणारा लेप, जातो, मग नुसती काच घेऊन मी काय करू?