मदत हवी आहे: भांग नेमकी कधी घेतली, हे लघवीच्या तपासणीत कळतं का?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. भाचा (वय २२) तालमीत आहे. राष्ट्रीय स्पर्धेत त्याची पहिली कुस्ती महाशिवरात्रीनंतर बाराव्या दिवशी. आणि हा पठ्ठ्या शिवरात्रीला सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन मित्राकडे गेला नि थंडाईचे दोन पेले रिचवून आला. त्यात भांग होती हे त्याला ठाऊक होतं, कुणी फसवून पाजली नाही. गांजा ओढत नाही. स्पर्धेत उत्तेजक चाचणी झाली तर काय, ही चिंता.

माझं औषधाचं दुकान आहे, म्हणून थोडंफार वाचून काढलं. प्रयोगशाळा मोजते ती कार्बॉक्सी-टीएचसी, म्हणजे भांगेतल्या नशेच्या घटकापासून (टीएचसी) यकृतात तयार होणारा पदार्थ. आधी मर्यादा मिलीलीटरला १५ नॅनोग्रॅम होती, २०१३ मध्ये ती १५० झाली. मोजमापातली कमीजास्त धरून १८० च्या वर गेलं तरच नमुना दोषी. (१९९८ च्या नागानो ऑलिंपिकात कॅनडाचा स्नोबोर्डपटू रॉस रेबाग्लिआती याचं सुवर्ण १७.८ वर काढून घेतलं होतं, मग परत दिलं!) शिवाय भांगेवर बंदी फक्त स्पर्धेच्या काळात, म्हणजे आदल्या रात्री ११:५९ पासून.

गोम इथेच आहे. नशेचा हा घटक चरबीत मुरतो आणि सावकाश बाहेर पडतो. अधूनमधून घेणाऱ्याच्या लघवीत सहसा काही दिवस, रोजच्या गंजेट्याच्या कित्येक आठवडे. एका नमुन्यातल्या आकड्यावरून तारीख काढायची कशी?

वाचलं त्यात एक मार्ग दिसला: काही दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्यायचे आणि दोन्हींचा आकडा क्रिएटिनिनने (स्नायूंतून येऊन लघवीत उतरणारा पदार्थ) भागायचा, म्हणजे पाणी कमी-जास्त प्यायल्याचा फरक निघून जातो. गुणोत्तर उतरत असेल तर जुनं, चांगलंच चढलं तर नव्याने घेतलेलं. पण इथे मिळते ती लघवीत बुडवायची पट्टी, ५० नॅनोग्रॅमच्या मर्यादेची. दोन रेघा आल्या तर सुटलो, एकच आली तर अडकलो, आकडा काहीच नाही. सोलापुरात किंवा पुण्यात असा आकडा देणारी लॅब कुणाला माहीत आहे का? उद्या वेळ आलीच तर असा खाजगी रिपोर्ट सुनावणीत चालतो का? स्पर्धेबाहेर घेतली आणि खेळाशी संबंध नव्हता, हे खेळाडूने सिद्ध केलं तर तीन महिने बंदी, उपचार घेतले तर एक महिना, एवढं समजलंय. सिद्ध कशाने करतात, ते कुणी अनुभवी सांगा. नमुना देतानाच्या फॉर्मवर मागच्या सात दिवसांतली औषधं विचारतात. भांग त्याआधीची, तरी लिहावी का?

तालमीतल्या एका जुन्या पैलवानाचा सल्ला, “चार लिटर पाणी पाज की वो, वर ताक.” असले उपाय कृपया सुचवू नका. नमुना पातळ निघाला तर अधिकारी तिथेच बसवून पुन्हा घेतात, आणि नमुन्यात गडबड करणं हा वेगळा गुन्हा, त्याला चार वर्षांपर्यंत. पोराला चोरवाट शिकवायची नाहीये.

ताजा कलम: बहिणीला अजून काही सांगितलेलं नाही. इथे ओळखीचं कुणी असेल तर गप्प राहा, ही विनंती.