थायरॉईडची गोळी आणि कायम बिघडलेलं पोट: डोस वाढवावा की आधी वेळा बदलाव्यात?

शेवंती:
हायपोथायरॉईडसाठी (थायरॉईड ग्रंथी कमी काम करते म्हणून) रोज ७५ मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन चालू आहे. टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक) बरीच वर्षं २ ते ३ च्या दरम्यान होता. पाच महिन्यांपूर्वी आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम सुरू झालं. दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेतल्या जातात. नाश्त्यानंतर कॅल्शियम, रात्री झोपताना इसबगोल. आता टीएसएच ८.६. पोट फुगणं आणि बद्धकोष्ठ कायमचंच, मध्येच दोन दिवस जुलाब. डोस वाढवून घ्यावा की आधी दुसरं काही तपासावं? थायरॉईडची गोळी रात्री घेतली तर चालेल का? माहितगारांनी कृपया नेमकं सांगावं.

मोजूनमापून:
डोसकडे वळण्याआधी गोळी रक्तात किती पोहोचते ते बघा. लेव्होथायरॉक्सिन लहान आतड्यात शोषलं जातं आणि रिकाम्या पोटीसुद्धा साधारण ६० ते ८० टक्केच. त्यात आणखी घट झाली की टीएसएच चढतो.

तुमच्या यादीत तीन अडथळे दिसतात, पण ते तिन्ही एका प्रकारचे नाहीत. कॅल्शियम आणि इसबगोल गोळीतल्या औषधाला आतड्यातच धरून ठेवतात. तिथे अंतर ठेवलं की काम होतं: कॅल्शियम, लोह, अँटासिड आणि सुक्रालफेट (जठरातल्या व्रणाचं औषध) यांच्यापासून ४ तास. इसबगोललाही तेवढंच अंतर द्या. म्हणजे कॅल्शियम नाश्त्यानंतर नको, दुपारच्या जेवणासोबत घ्या.

पॅन्टोप्राझोलचं तसं नाही. गोळी नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि हे औषध दिवसभर आम्ल कमी ठेवतं. त्यामुळे दोन गोळ्यांत तासाभराचं अंतर ठेवून फारसा फरक पडत नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते: वेळा काटेकोर पाळतात आणि टीएसएच का उतरत नाही म्हणून हैराण होतात. डॉक्टरांना थेट विचारा की पॅन्टोप्राझोलची अजून गरज आहे का. बंद करायचं ठरलं तर एकदम तोडू नका; आम्ल उसळून येतं आणि जळजळ आधीपेक्षा वाढल्यासारखी वाटते. टप्प्याटप्प्याने उतरवा.

ते चालूच ठेवावं लागणार असेल तर लेव्होथायरॉक्सिनचं द्रवरूप किंवा मऊ कॅप्सूल मिळते का ते विचारा, त्यांना आम्लावर कमी अवलंबून राहावं लागतं. नाहीतर डोस वाढवणं हा रास्त मार्ग आहे. फक्त पुढे पॅन्टोप्राझोल बंद झालं की तोच डोस जास्त होऊ शकतो. धडधड, हाताला कंप, झोप उडणं जाणवलं तर लगेच तपासणी करा.

पहाटवारा:
रात्रीच्या गोळीबद्दल. चालते, पण शेवटचं खाणं झाल्यावर किमान ३ तासांनी. तुमच्याबाबतीत अडचण अशी की झोपताना इसबगोल आहे. ते संध्याकाळी लवकर आणलं तरच रात्रीची वेळ जमेल, नाहीतर सकाळच बरी.

सकाळचं साधं वेळापत्रक:
६.०० फक्त साध्या पाण्यासोबत थायरॉईडची गोळी
६.३० पॅन्टोप्राझोल
७.०० नाश्ता, चहा-कॉफी आणि दूध

कॉफी दूध न घालता घेतली तरी शोषण कमी करते, त्यामुळे 'नुसती कॉफीच तर आहे' हे मनातून काढा. गोळी उन्हाच्या खिडकीत किंवा न्हाणीघरातल्या कपाटात ठेवू नका; उष्णता, ओल आणि उजेड यांनी ती खराब होते.

तिसरा प्रहर:
वरच्या सगळ्याशी सहमत, पण पोटाकडेही स्वतंत्रपणे बघा. टीएसएच ८.६ मुळे आतडं मंदावून बद्धकोष्ठ होऊ शकतं. फुगणं आणि मधले जुलाब मात्र सगळे थायरॉईडच्या खात्यावर टाकू नका.

थायरॉईडचं कारण हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर हल्ला करते तो आजार) असेल, म्हणजे रक्तात अँटी-टीपीओ ही थायरॉईडविरोधी प्रतिपिंडं वाढलेली असतील, तर दोन सोबतचे आजार मुद्दाम शोधावेत. पहिला सीलिएक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार. त्यासाठी रक्तात टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडं आणि सोबत एकूण आयजीए तपासतात. ही तपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची. लोक आधी गहू सोडतात, मग तपासणी करतात, आणि आजार असूनही निकाल निगेटिव्ह येतो. कृपया असं करू नका.

दुसरा स्वप्रतिकारक जठरदाह. यात आम्ल तयार करणाऱ्या पेशीच कमी होतात. जेवल्यावर जडपणा, लवकर पोट भरल्यासारखं वाटणं हे 'पित्त' समजलं जातं आणि आधीच कमी असलेलं आम्ल आणखी कमी करण्याचं औषध सुरू होतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ बघा. लोहाच्या गोळ्या घेऊनही फेरिटिन वर येत नसेल तर संशय वाढतो. हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जंतूची तपासणीही करून घ्या, पण श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीआधी पॅन्टोप्राझोल २ आठवडे आणि प्रतिजैविकं ४ आठवडे बंद असावी लागतात. ते डॉक्टरांना विचारूनच थांबवा.

शेवंती:
खूप आभार. केसांसाठी बायोटिन चालू आहे, तेही आड येतं का?

मोजूनमापून:
शोषणाच्या नाही, तपासणीच्या आड येतं. काही पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ (थायरॉईडचं मुख्य संप्रेरक) खोटा जास्त दिसतो. रक्त देण्याआधी किमान २ दिवस बंद ठेवा; मात्रा मोठी असेल तर आणखी आधीपासून. त्या दिवशी रक्त दिल्यावरच थायरॉईडची गोळी घ्या.

आणि एका वेळी एकच बदल. आधी कॅल्शियम हलवा, ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करा. टी४ रक्तात स्थिरावायला साधारण ६ आठवडे लागतात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात केलेल्या रिपोर्टवर डोस बदलला की टीएसएच विनाकारण हेलकावे खातो. वहीत रोज तीनच नोंदी पुरतात: गोळीची वेळ, पहिल्या घासाची वेळ, शौचाचा प्रकार.

तिसरा प्रहर:
काळी शौच, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, वारंवार उलटी, किंवा नव्याने आढळलेला पंडुरोग (रक्तात हिमोग्लोबिन कमी होणं), यातलं एकही असेल तर मात्र ६ आठवडे थांबायचं नाही. आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा.