डब्ल्यूपीएफ: माऊस नेला की बटन निळंच होतंय, माझा रंग जातोय

बिलिंगवाला:
नमस्कार मंडळी, मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम बनवायची मायक्रोसॉफ्टची सोय) बिलिंगचं सॉफ्टवेअर करतोय. 'बिल सेव्ह'चं बटन गडद हिरवं आणि त्यावर पांढरी अक्षरं अशी ठेवलीत. आता होतं काय, माऊस वर नेला की बटन एकदम फिकट निळं होतं आणि पांढरी अक्षरं त्यात दिसतच नाहीत, काउंटरवरच्या काकांची नजर आधीच कमी, ते म्हणतात बटन गेलं कुठं. स्टाईलमध्ये (बटनच्या दिसण्याचे नियम) इजमाऊसओव्हरचा ट्रिगर, म्हणजे माऊस वर आला की लागू होणारा नियम, लावून दुसरा हिरवा देऊन बघितला, काही फरक नाही. दोन रात्री गेल्या यात. कुठं चुकतंय?

झॅमल_रोज:
बटनच्या टॅगवरच (कोडमधली बटनची ओळ) बॅकग्राउंड लिहिलंय का? असेल तर आधी ते काढ. टॅगवर थेट दिलेली व्हॅल्यू स्टाईलच्या ट्रिगरला जुमानत नाही. रंग स्टाईलच्या सेटरमध्ये (प्रॉपर्टीला व्हॅल्यू देणारी ओळ) टाक.

बिलिंगवाला:
होतं लिहिलेलं, काढलं, सेटरमध्ये टाकलं. तरी निळंच 😞

खिडकी२००६:
झॅमल_रोजने सांगितलं ते बरोबरच आहे पण तुझ्याकडे दोन भानगडी एकत्र आहेत. विंडोज ८ पासून बटनचं जे डिफॉल्ट टेम्प्लेट, म्हणजे बटन आतून कसं बनतं तो साचा, येतं त्याच्या आतच एक माऊसओव्हरचा ट्रिगर आहे, आणि तो बटनच्या बॅकग्राउंडला हात लावत नाही, आतल्या बॉर्डरला थेट निळा रंग देतो. म्हणजे तुझा ट्रिगर चालतोय, बटनचं बॅकग्राउंड खरंच हिरवं होतंय, पण स्क्रीनवर दिसते ती आतली बॉर्डर. त्यामुळे स्टाईलमध्ये कितीही डोकं लावलंस तरी उपयोग नाही, टेम्प्लेटच स्वतःचं लिहावं लागतं.

फार मोठं काम नाहीये. स्टाईलमध्येच टेम्प्लेटचा सेटर टाक, त्यात कंट्रोलटेम्प्लेट, त्यात एक बॉर्डर, बॉर्डरचं बॅकग्राउंड टेम्प्लेटबाइंडिंगने बटनच्या बॅकग्राउंडला जोड आणि आत कंटेंटप्रेझेंटर ठेव. तो विसरलास तर बटनवरची अक्षरंच येणार नाहीत, आणि त्याची अलाइनमेंट सेंटर कर नाहीतर मजकूर डावीकडे वर जाऊन बसतो. बॉर्डरला बॅकग्राउंड द्यायचंच, रंग नको असेल तर ट्रान्सपरंट लिही, रिकामं सोडलं तर फक्त अक्षरांवर क्लिक लागतो आणि बाजूला दाबलं की काहीच होत नाही, हे माझ्या एका क्लायंटने शोधून दिलं होतं.

ट्रिगरचा क्रमही बघ. एकच प्रॉपर्टी दोन ट्रिगर बदलत असतील तर खाली लिहिलेला जिंकतो. माऊसने दाबताना माऊस बटनवर असतोच, म्हणून आधी इजमाऊसओव्हर, मग इजप्रेस्ड (बटन दाबलेलं), आणि सगळ्यात शेवटी इजएनेबल्ड फॉल्सचा (बटन बंद असतानाचा).

बिलिंगवाला:
झालं!!! खूप खूप आभार दादा. टेम्प्लेट टाकलं आणि तोच आधीचा ट्रिगर जसाच्या तसा चालायला लागला. स्टाईल ॲप डॉट झॅमलमध्ये (सगळ्या ॲपची सामाईक फाईल) नेऊन की, म्हणजे नाव, दिलीय, म्हणजे 'रद्द'च्या लाल बटनला बेस्डऑनने तीच घेऊन फक्त रंग बदलता येईल.

टॅबवाली:
एक राहिलंच. फोकसव्हिज्युअलस्टाईल नल (रिकामी) करू नकोस, दिसायला छान वाटतं म्हणून बरेच जण करतात. टॅबने फिरताना बटनभोवती येणारी ती तुटक रेघ त्यानेच येते. बिलिंगवाली माणसं माऊसला हात लावत नाहीत, सगळं टॅब आणि एंटरवर, आणि काकांना नीट दिसत नाही म्हणतोस तर ती रेघ उलट जाड करून दे.