मुलुंडहून टोरांटो: पहिल्या महिन्याचा खर्च कसा धरायचा?

मुलुंडकर:
कॅनडाचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) आलंय. आम्ही दोघं आणि ४ वर्षं पूर्ण झालेली मुलगी जानेवारीत जातोय. भाडं, वाणसामान, बसभाडं मांडून झालं. इथून लक्षात न येणारे खर्च कोणते? मिक्सर-कुकर न्यायचे का? डेकेअरचं काय?

आकडेमोड:
आधी भाडं. ओंटारियोत मालक पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेऊ शकतो, त्यापलीकडे भाड्यापोटी काही नाही. आपल्यासारखं भलंमोठं डिपॉझिट नसतं, मोडतोडीसाठी अनामत मागणं तर बेकायदाच. तुमचा तिथला क्रेडिट स्कोअर नसणार, म्हणून सहा महिन्यांचं भाडं एकदम मागणारे भेटतील. तशी सक्ती करता येत नाही. नोकरीचं पत्र, बँकेतली शिल्लक, जमल्यास जामीनदार पुढे करा.

जाहिरातीत ‘प्लस हायड्रो’ दिसलं तर पाणीपट्टी समजू नका. तिथे हायड्रो म्हणजे वीज. घर गरम ठेवायची सोय विजेवर आहे की गॅसवर, आणि तो खर्च भाड्यात आहे का, हे विचारल्याशिवाय सही नको. विजेवर असेल तर जानेवारीचं बिल सगळा हिशेब मोडतं.

आणखी एक, हे फार जण विसरतात: १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहत्या झालेल्या घराला भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू नाही. जुन्या घरांना २०२५ साली ती २.५ टक्के होती. नवा काँडो (फ्लॅट) आज परवडला तरी वर्षभराने मालक हवं तितकं वाढवू शकतो.

पोळपाट-लाटणं:
मिक्सर ठेवा इथेच. तिथे १२० व्होल्ट. आपला २३० व्होल्टचा मिक्सर ओलं खोबरं वाटताना रडतो. ट्रान्स्फॉर्मर लावायचा तर ७५० वॅटच्या मिक्सरला दीड-दोन हजार वॅटचा लागतो, म्हणजे सामानात धोंडाच. ११०-१२० व्होल्टचा मिक्सर घ्या. कुकर जरूर न्या, सोबत दोन जादा रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. भाड्याच्या घरात बहुधा विजेची शेगडी असते. तिच्यावर खोलगट तवा नीट टेकत नाही, भाकरी मध्ये करपते नि कडेला कच्ची राहते. तवा सपाट बुडाचाच न्या.

कस्टम्सला दाखवायला दागिन्यांची किमतीसह यादी आणि फोटो करा. मागाहून येणारं सामानही पहिल्यांदा उतरताना त्याच कागदांत दाखवा, नाहीतर नंतर कर बसू शकतो.

मुलुंडकर:
आणि दुकानातले भाव?

आकडेमोड:
पाटीवरचा भाव एमआरपी नव्हे, १३ टक्के एचएसटी (तिथला विक्रीकर) गल्ल्यावर चढतो. तांदूळ, डाळ, दूध, भाजीवर नाही, फरसाणावर आहे. मुलीच्या जॅकेटवर ५ टक्केच, तुमच्या दोघांच्यांवर पूर्ण १३. टीटीसीत (टोरांटोची सार्वजनिक बस-मेट्रो) १२ वर्षांपर्यंत मुलांना तिकीट नाही.

डेकेअरआधी सरकारी शाळा बघा. ज्या वर्षी मूल ४ वर्षांचं होतं त्या सप्टेंबरपासून ज्युनिअर किंडरगार्टन दिवसभर आणि फुकट. शाळेआधी-नंतरच्या सांभाळाचे पैसे वेगळे. शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून भाडेकरार आणि लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. सिन नंबर (सोशल इन्शुरन्स नंबर, तिथला सरकारी ओळख क्रमांक) मिळाला की लगेच चाइल्ड बेनिफिटचा (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा) अर्ज करा. त्यात भारतातलं उत्पन्न विचारतात, फॉर्म १६ जवळ असू द्या.