दुसऱ्याच्या नावाचा स्की-पास वापरल्यास जर्मनीत काय कारवाई होते?

प्रश्न : मी म्युनिकमध्ये शिकते. गार्मिश-पार्टेनकिर्शेन या स्कीइंगच्या ठिकाणी जाण्यासाठी मैत्रीण तिचा हंगामी स्की-पास (तिथल्या लिफ्ट हंगामभर वापरण्याचा पास) मला देऊ करते आहे. पैसे तिने भरलेलेच आहेत, तेव्हा फार तर पास जप्त होईल, की प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते?

उत्तर १ : जाऊ शकते. हंगामी पास व्यक्तीच्या नावावर असतो, त्यामुळे ‘पैसे भरलेत’ हा बचाव टिकत नाही. जर्मन दंडसंहितेच्या कलम २६५अ नुसार मोबदला न देता लबाडीने सेवा मिळवणे हा गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. नुसता प्रयत्नही शिक्षापात्र आहे. लिफ्टच्या फाटकावरच्या कर्मचाऱ्याला पास दाखवून फसवले, तर कलम २६३ चा फसवणुकीचा आरोप लागू शकतो, आणि त्याची कमाल शिक्षा पाच वर्षे आहे.

उत्तर २ : घाबरवू नका हो! रक्कम किरकोळ असेल, तर सहसा लिफ्ट चालवणाऱ्या कंपनीने तक्रार केल्यावरच खटला चालतो, आणि पहिल्याच वेळी पकडलेल्यांचे प्रकरण ठरावीक रक्कम भरून मिटू शकते. मात्र अनेक स्की-केंद्रांत फाटकातून जाताना कॅमेरा छायाचित्र टिपतो आणि ते पासधारकाच्या छायाचित्राशी ताडून पाहिले जाते, म्हणून हेल्मेट-गॉगलच्या भरवशावर राहू नये.

उत्तर १ : मैत्रिणीचाही विचार करा. जाणूनबुजून पास देणारी व्यक्ती साहाय्यक म्हणून अडकू शकते, शिवाय तिचा उरलेल्या हंगामाचा पास रद्द होण्याचा धोका वेगळाच. त्यापेक्षा एका दिवसाचे तिकीट काढा.