बाबा म्हणतात मीठ सोडलंय, रिपोर्टही तेच म्हणतोय, तरी विश्वास बसत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

बाबा ६८ वर्षांचे, वजन ७४ किलो. आम्ही ठाण्याला वर्तकनगरात राहतो. बीपीची गोळी दोन वर्षं चालू आहे, चुकवत नाहीत (पट्टीतल्या गोळ्या मी मोजते). तरी घरच्या मशीनवर वरचा आकडा १५५ च्या खाली येत नाही. डॉक्टरांचं एकच म्हणणं, मीठ कमी करा. बाबांचं एकच उत्तर, "मी वरून मीठ घेतच नाही." ते खरंही आहे. आईने ताटात मीठ वाढायचं केव्हाच बंद केलंय. पण लिंबाच्या लोणच्याची फोड असतेच, आठवड्यातून दोनदा सुकट असते, आणि परवा धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात शेंगदाण्याची लाल सालं निघाली, तळाशी पांढरी कणी. खारे दाणे! उपवनला फिरायला जातात तिथले.

आधी मी घरगुती हिशोब करून पाहिला. मिठाची किलोची पिशवी फोडली त्या दिवशी कॅलेंडरवर खूण केली. २६ दिवसांत संपली, खाणारी माणसं चार. माणशी दिवसाला साडेनऊ ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सपाट चमचाभर. पण त्यातलं किती मीठ कैऱ्यांना चोळलं, किती भाजी धुतल्या पाण्यातून गेलं, आणि कोणाच्या पोटात किती गेलं, काही कळत नाही. बाहेरचं तर यात धरलेलंच नाही.

शेवटी २४ तासांच्या लघवीतलं सोडियम तपासून घेतलं. लघवी ८५० मिली, सोडियम ६२ मिलिमोल, क्रिएटिनिन (स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ) ०.६ ग्रॅम. एक मिलिमोल सोडियम म्हणजे २३ मिलिग्रॅम, म्हणून ६२ गुणिले २३ म्हणजे १४२६ मिलिग्रॅम सोडियम. मिठात सोडियम साधारण ४० टक्के, म्हणजे साधारण ३.६ ग्रॅम मीठ. बाबा दोन दिवस रिपोर्ट हातात घेऊन घरभर फिरतायत. आईला म्हणाले, आता लोणचं वाढ. माझं काय चुकतंय? की मी उगाच पोलिसगिरी करतेय?

खाडीकाठचा: एवढा उपद्व्याप कशाला? रक्तातलं सोडियम करा, दीडेक तासात रिपोर्ट. माझं १३९ आलं, नॉर्मल. आणि सैंधव सुरू करा, त्याने बीपी वाढत नाही.

नेरुळची आहारवाली: खाडीकाठचा, दोन्हींना नाही. रक्तातलं सोडियम शरीर १३५ ते १४५ मध्येच धरून ठेवतं, तुम्ही फरसाण खा की उपास करा. जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं, म्हणून मोजायचं ते लघवीत. खाल्लेल्या सोडियमपैकी जवळपास ९० टक्के तिथेच सापडतं. आणि सैंधव म्हणजेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच, रंग तेवढा गुलाबी.

ताई, तुमचा रिपोर्ट तुम्ही अर्धाच वाचलात. सोडियमच्या आधी क्रिएटिनिन बघायचं. ते स्नायूंतून रोज साधारण ठरावीक प्रमाणात बाहेर पडतं, पुरुषांत किलोमागे २० ते २५ मिलिग्रॅम. उतारवयात कमी होतं, १५ धरलं तरी ७४ किलोला १.१ ग्रॅम यायला हवं. तुमच्याकडे ०.६. म्हणजे बरीच लघवी गोळा करायच्या कॅनमध्ये आलेलीच नाही. त्रैराशिक मांडून आकडा वाढवायचा मोह होईल, तो करू नका. पुन्हा गोळा करा. त्या दिवशी बाबा फिरायला गेले होते का?

धागाकर्ती: गेले होते! आत्ता विचारलं. उपवनला एकदा, मग मित्राकडे चहा झाला तिथे एकदा. "कॅन घेऊन फिरू का तलावावर?" इति बाबा. शिवाय सकाळी उठल्याउठल्याची पहिलीही कॅनमध्येच टाकली होती.

नेरुळची आहारवाली: पहिली टाकून द्यायची, ती रात्रीची असते. घड्याळ तिथून सुरू. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक, शेवटची धरून. घरीच राहायचा दिवस निवडा. मात्र त्या दिवशी जेवण नेहमीचंच असू दे, कॅन समोर दिसला की माणसं आपोआप पथ्य पाळतात. मे महिन्यात घामावाटेही मीठ जातं, तेव्हा आकडा थोडा कमी दिसतो. आणि एका दिवसावरून निकाल नको. आज सुकट, उद्या वरणभात, आकडा वरखाली होणारच. वेगवेगळ्या दिवशी दोनतीनदा तरी करा.

ओपीडीत आम्ही "मीठ कमी खाता का?" हा प्रश्न विचारणंच सोडलंय. सगळे हो म्हणतात, आणि खोटं कोणी बोलत नसतं. मीठ म्हणजे मिठाच्या बरणीतलं, एवढंच डोक्यात असतं. काल सकाळपासून काय खाल्लं ते विचारलं की पाव, खारी, पापड, ढोकळा निघतो. ढोकळ्यातल्या सोड्याचंही सोडियमच.

कोपरखैरणेकर: एकदाच थोडीशी लघवी देऊन गणिताने २४ तासांचं काढतात ना? आमच्या लॅबवाल्याने तेच सुचवलं.

नेरुळची आहारवाली: शंभर माणसांची सरासरी काढायला ठीक. एकट्या बाबांसाठी त्यावर विसंबू नका. आणि बाजारातलं कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तात पोटॅशियम वाढतं. बाबांची गोळी कोणती?

धागाकर्ती: टेल्मिसार्टन ४०.

नेरुळची आहारवाली: मग तर नक्कीच विचारा.

धागाकर्ती: खूप आभार. रविवारी पुन्हा करतोय. बाबा तयार झाले, पण अट घातलीय, एकट्याचं नाही, आईचंही मोजायचं. आई म्हणते माझं काय मोजायचं, मला कुठे बीपी आहे. एक शंका, बायकांना क्रिएटिनिनचा हिशोब तोच का?

नेरुळची आहारवाली: नाही, किलोमागे १५ ते २०, वयाप्रमाणे आणखी कमी. दोन्ही कॅनवर नावं लिहा.

धागाकर्ती: आईच्या कॅनला लाल दोरा बांधलाय.