शब्दचर्चा: 'ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी' तोडायचा कुठे?

प्रश्न: कान-नाक-घसा शास्त्राचं हे नाव एका दमात म्हणता येत नाही. कुठे तोडावं? आणि लॅरिंगोस्कोपमधला 'ग' लॅरिंजायटिसमध्ये 'ज' का होतो?

उत्तर: अर्थासाठी फोड वेगळी, उच्चारासाठी वेगळी, दोन्हींची गल्लत झाली की जीभ अडखळते. अर्थाने पाहिलं तर ओट म्हणजे कान, राइन नाक, लॅरिंग स्वरयंत्र, आणि शेवटी लॉजी. मधले तिन्ही 'ओ' नुसते जोडस्वर, त्यांना अर्थ नाही. उच्चारात मात्र ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-ल-जी असे ९ अवयव पडतात (व्याकरणातले, शरीरातले नव्हेत!). जोर शेवटून तिसऱ्यावर, म्हणजे 'गॉ'वर. बिनअर्थाच्या जोडस्वरालाच सगळा मान! आपण 'लॉजी' लिहितो आणि लिहिल्यासारखा 'लॉ' ठोकतो, तिथेच घोळ होतो. तो 'ल' हलका सोडा. '-लॉजिकल' झालं की मात्र जोर खरंच 'लॉ'वर येतो. 'राय'मध्ये ऱ्हासातला 'ऱ्ह' आणू नका, साधा 'र' पुरे.

दुसरं उत्तर: ग-ज पुढच्या स्वरावर ठरतं. पुढे ओ असेल तर ग: लॅरिंगॉस्कोपी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये i किंवा e हे अक्षर आलं की ज: लॅरिंजायटिस (स्वरयंत्राचा दाह), लॅरिंजेक्टमी (स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया). स्वरापुढे जोडस्वर गळतो, म्हणून या दोन शब्दांत 'ओ' नाही. जोरही फिरतो: उपकरण ल-'रिं'-ग-स्कोप, तपासणी लॅ-रिं-'गॉ'-स्क-पी.

पुरवणी: सुरुवातीचा 'प' मुका असतो: टोसिस, न्यूमोनिया, सायकियाट्री. शब्दाच्या मध्ये आला की बोलतो: ॲप्निया, नेफ्रॉप्टोसिस. ॲपॉप्टोसिसवरून (पेशींचा ठरवून होणारा मृत्यू) मात्र वाद आहे. केर, वायली आणि करी या संशोधकांनी १९७२ मध्ये हा शब्द मांडताना फोड 'ॲपो' अधिक 'टोसिस' धरून दुसरा 'प' मुका ठेवायला सुचवलं होतं. अनेक जण तो उच्चारतातच, आणि आता त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही.

नेत्रशास्त्रासाठी 'ऑप्थॅल्मॉलॉजी' सर्रास ऐकू येतं. मूळ जोडी फ-थ आहे: ऑफ-थॅल-मॉ-ल-जी.

सरावाचं काय?

शेपटाकडून चढा: लजी, गॉलजी, रिंगॉलजी, लॅरिंगॉलजी, नोलॅरिंगॉलजी. पुढून सुरुवात केली की दम 'लॅ'पाशीच संपतो आणि जोर पडायच्या जागी नेमका आवाज पडतो.